डोळे मिटण्याआधी

तुमच्या ख्रिस्ती मंडळीतलं एखादं मूल तुमच्याशी बोलायला लागलं, तर तुम्ही त्याचं ऐकता, की त्याच्यासाठी लगेच प्रार्थना करून मोकळे होता?

नव्वदच्या दशकातली, नाताळानंतरच्या रविवारची गोष्ट. आमचं गाव काष्टीजवळचं. वडील बाजाराच्या दिवशी काष्टीला जाऊन येशूच्या गोष्टींच्या हस्तपत्रिका वाटायचे. उरलेल्या आमच्या घरी यायच्या. त्यांवरच मी वाचायला शिकले. एका पत्रिकेवर येशूच्या मांडीवर बसलेल्या लेकरांचं चित्र होतं. एक पोरगी त्याला काही सांगते आहे आणि तो वाकून ऐकतो आहे. ते चित्र मी अभ्यासाच्या पुस्तकात जपून ठेवलं होतं.

त्या रविवारी उपासनेआधी मुलांसाठी भरणाऱ्या शब्बाथ शाळेत आम्ही एकेक जण उठून सोनेरी वचन, म्हणजे बायबलमधली त्या आठवड्याची पाठ केलेली ओळ, म्हणत होतो. माझ्या शेजारी चुलत्याची मुलगी बसली होती. ती नगरला मिशनच्या बोर्डिंगात शिकायची, नाताळच्या सुट्टीला घरी आलेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तिला परत जायचं होतं. आमच्या समाजात बोर्डिंग म्हणजे मोठी अभिमानाची गोष्ट. आमच्यातले मास्तर, नर्सबाई, सगळे तिथूनच शिकून आलेले.

तिची पाळी आली. ती उठली आणि फ्रॉकचं टोक मुठीत धरून उभी राहिली.

"बोर्डिंगवाली वचन इसरली!" मागून एक पोरगा म्हणाला. पोरं हसली.

"मला परत नका पाठवू," ती म्हणाली. "तिथं खोलीत कोंडत्यात. अंधारात. मी..."

शाळा घेणाऱ्या पाळकीणबाई, आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, पटकन उठल्या. बाई प्रेमळ होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांचे डोळे भरून आले होते. "अगं माझ्या बाळा! चला रे, सगळ्यांनी हात धरा, डोळे मिटा. हिच्यासाठी प्रार्थना करू."

आम्ही डोळे मिटले. तिचा हात माझ्या हातात होता, घामाने ओला. प्रार्थना लांबली. तिला धीर दे, प्रभू. आज्ञाधारकपणा दे. मोठ्यांचा मान राखायला शिकव. मधेच तिचा हात माझ्या हातातून निसटला.

"आमेन" म्हणून डोळे उघडले, तेव्हा ती जागेवर नव्हती.

विहिरीवर माणसं धावली. चुलती नाव घेऊन ओरडत रस्त्याने पळत सुटली. शेवटी पाळकसाहेबांना ती देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, व्हरांड्यातच सापडली. नाताळच्या देखाव्यातली गव्हाण अजून उभी होती. तिच्यातल्या कडब्याच्या पेंढ्यांमागे ती अंग चोरून बसली होती.

चुलते तिला ओढायला वाकले. ते मंडळीचे पंच. चारचौघांत मान खाली गेली होती. "आमी बी बोर्डिंगातच वाढलो," ते म्हणाले. "मार खाल्ला, म्हनून मानूस झालो."

"मार खाऊन झालात, की मार खाऊनसुद्धा झालात?" पाळकसाहेबांनी विचारलं आणि ते पांढऱ्या झग्यासकट खाली फरशीवर बसले. तिकडे उपासनेची दुसरी घंटा होऊन गेली होती, लोक खोळंबले होते.

"बोल, माई. मी डोळे उघडे ठेवलेत."

बराच वेळ ती फक्त कडब्याची काडी मोडत राहिली. त्यांनी घाई केली नाही. मग ती बोलली. कोण कोंडतं, कशासाठी कोंडतं, आणि बाहेरून कडी लागल्यावर ती तोंडात फ्रॉक का कोंबते, सगळं. चुलते ऐकता ऐकता भिंतीला टेकले.

दुसऱ्या दिवशीच्या एसटीने नगरला गेले ते चुलते आणि पाळकसाहेब. संध्याकाळी परतले, तेव्हा तिची पत्र्याची पेटी चुलत्यांच्या डोक्यावर होती. ती आमच्याच गावच्या शाळेत बसू लागली. बोर्डिंगची बदनामी केली म्हणून काही घरांनी पाळकसाहेबांना सलाम करणंही सोडलं. ते सोडोत. ज्या संस्थेचं नाव राखायला लेकराचं तोंड बंद करावं लागतं, तिचं नाव कुणासाठी राखायचं?

मी ते चित्र पुन्हा काढून पाहिलं. येशूचे डोळे उघडे होते.

प्रार्थना करू नका, असं मी म्हणत नाही. पण येत्या रविवारी हात जोडण्याआधी एका लेकराजवळ जमिनीवर बसा. त्याला विचारा, आणि ते थांबेपर्यंत मधे बोलू नका. आमेन त्यानंतर म्हणा.