शुद्ध एकादशीचं वाळवंट

काल संध्याकाळी आंधी येऊन गेली आणि आज सकाळी सिटी सेंटरमधल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर बारीक, पिवळट धुळीचा थर बसला होता. ग्वाल्हेरच्या वैशाखात ही नेहमीचीच गोष्ट. पश्चिमेकडून वारा सुटतो, आभाळ मातकट होतं आणि खिडक्या लावेपर्यंत राजस्थान घरात शिरलेलं असतं. मी फडकं घेतलं, पण पहिला हात फिरवताच त्या कोरड्या, किंचित भाजल्यासारख्या वासाने मला अडवलं. ओल्या मातीच्या वासाचं कौतुक सगळेच करतात. कोरड्या रेतीलाही वास असतो, हे मला कळलं ते चाळिसाव्या वर्षी, सहावा महिना चालू असताना.

त्याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा टिकले नव्हते. दोन्ही वेळा मला जे जे सांगितलं गेलं ते सगळं मी ऐकलं होतं. जिना नको, बाजार नको, महाराज बाड्यावरची गर्दी तर नकोच. शिंदे की छावनीतल्या आमच्या तेव्हाच्या घरात मी पलंगावर पडून पंख्याची पाती बघत असे आणि बाळाच्या सामानाच्या याद्या करत असे. याद्या करणं हा माझा स्वभावच. पण केलेल्या यादीचं पान वहीतून फाडावं लागणं म्हणजे काय, हे मी दोनदा अनुभवलं होतं. म्हणून तिसऱ्या खेपेला गोळ्या, तपासण्या, दवाखान्याची पिशवी असं सगळं लिहिलं ते बाळंतपणाच्या तारखेपर्यंतच. तारखेपुढचं पान मी कोरं ठेवलं होतं. मात्र एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. हे मूल जितके दिवस माझ्यासोबत असेल, तितके दिवस मी पंख्याकडे बघत घालवणार नाही. मला वाळवंटात जाऊन ताऱ्यांनी भरलेलं आभाळ बघायचं होतं.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "रेतीचे डोहाळे? अगं, चिंच माग, कैरी माग. हे काय भलतंच?"

"डोहाळा पुरवला नाही तर मुलाची लाळ गळते, असं तुम्हीच म्हणता ना आई?"

त्यांनी चमचा पुन्हा उचलला. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, दर दीड तासाला उतरून चालायला सांगितलं. मग सासूबाईंनी आपल्या दोन अटी घातल्या. एक, त्या स्वतः सोबत येणार. दोन, दिवस त्या काढणार, पंचांग बघून. मी आनंदाने हो म्हटलं. ह्यांच्याकडे गाडी, माझ्याकडे याद्या आणि मागच्या सीटवर डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेतलेल्या सासूबाई, असे आम्ही पौषात निघालो.

इतका निवांत प्रवास मी पुन्हा केला नाही. रोज चार-पाच तासच गाडी चालवायची, उजेडात मुक्कामाला पोचायचं. भरतपूरनंतर मोहरीची पिवळी शेतं, जोधपूरनंतर खेजडीची एकटी झाडं, मग तीही विरळ होत गेली. दीड तास झाला की मागून आवाज यायचा, "रोक रे गाडी, हिला चालू दे." आणि आम्ही दोघी रस्त्याकडेला बाभळीच्या सावलीत शतपावली घालायचो. मी पोटावर हात ठेवून, त्या माझ्या कोपराला धरून.

चौथ्या संध्याकाळी जैसलमेरच्या पुढे, टेकड्यांच्या पायथ्याशी तंबूत उतरलो. अंधार पडला, पण पडलाच नाही. डोक्यावर भला मोठा चंद्र, खाली रुपेरी रेती आणि आभाळात मोजून वीस तारे. औषधांची, खाण्याची, गाडीची अशा माझ्या तीन याद्या होत्या. तिन्हींत चंद्र नव्हता. सासूबाईंनी अमावास्या टाळून छान शुद्ध एकादशी गाठली होती.

"अमावास्येला पोटुशीला घेऊन कोण निघतं?" त्या पुटपुटल्या. मग हळूच म्हणाल्या, "चुकलंच माझं."

तंबूवाले म्हातारेबाबा शेकोटीत काटकी सारत हसले. "चाँद के राज में तारे कहाँ, बेटी. चार बजे डूबेगा. तब उठना."

हे म्हणाले, "थंडी आहे, झोप मोडेल, राहू दे." मी गजर लावला.

चारनंतर चंद्र मावळला आणि जे उघडलं त्याचं वर्णन मी आजवर कुणाला धड करू शकले नाही. तारे वर नव्हतेच, ते चारही बाजूंनी जमिनीपर्यंत आलेले होते. मी रजई गुंडाळून कलत्या खुर्चीत रेलले होते. सप्तर्षी उंच आले होते आणि पूर्वेला स्वाती लालसर जळत होती.

"अरुंधती कुठे गं?" सासूबाईंनी विचारलं. "माझ्या लग्नात गुरुजींनी भर दुपारी मांडवाच्या कापडाकडे बोट करून दाखवली. मीही 'दिसली' म्हटलं."

मी वसिष्ठाशेजारचा तो बारीक ठिपका दाखवला. त्या मान वर करून खूप वेळ बघत राहिल्या. "या खेपेला खरंच दिसली," म्हणाल्या.

उजाडताना चहा आला. मी वही काढली, तारखेपुढचं कोरं पान उघडलं आणि लिहिलं, 'पाळणा'. जन्माआधी घरात बाळाचं काही आणू नये, असं आयुष्यभर मानणाऱ्या सासूबाई खांद्यावरून वाकून वाचत होत्या. मला वाटलं, आता पेन काढून घेतील.

"दोरी लिही," त्या म्हणाल्या. "पाळण्याची दोरी नेहमी विसरतात."

त्या पानावरचं सगळं पुढे यथावकाश आणलं गेलं, वापरलं गेलं आणि दुसऱ्यांना देऊनही झालं. सासूबाई आता नाहीत. भीती मात्र आहे. मुलीला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की ही भीतीच दाराशी उभी असते. पण त्या पहाटेपासून मी त्या भीतीला विचारून वहीत काही लिहीत नाही.