अर्ध्यावरची सलामी

सैनिकांचे कपडे कोरे दिसून चालत नाही. म्हणून शिंपीमामा शिवून झालेला प्रत्येक कोट चहाच्या पाण्यात बुडवीत आणि कोपरांवर विटेचा तुकडा घाशीत. युद्धकाळावरच्या एका भव्य विनोदी चित्रपटासाठी त्यांनी अशी चार सैन्ये सजवली होती. कथेत ती चारही आळीपाळीने एकच राजधानी जिंकत आणि तिथला म्हातारा सेनापती प्रत्येक नव्या झेंड्याला त्याच निष्ठेने सलामी ठोकी. ती भूमिका मामांना हवी होती. आरशापुढे तालीम करून ते दिग्दर्शकाकडे गेलेही होते.

"तुम्ही आपले कपडे सांभाळा हो," एवढेच उत्तर मिळाले.

भूमिका मिळाली साडूला. हा साडू न्हावी; नटांच्या दाढ्या करायला आला आणि स्वतःच्या मिशांवर निवडला गेला.

"साडूभाऊ, छातीला जरा सैल ठेवा. आता फुगणार ती," माप देताना तो म्हणाला.

"फुगलेलीच दिसतेय," मामा पुटपुटले.

घरी पत्नीलाही दुसरा विषय नव्हता. "दाजींनी नशीब काढलं! नाहीतर आपण. शिवा आणि उसवा."

हे मामांच्या जिव्हारी लागले. त्यांनी उजव्या बाहीचा मुंढा, म्हणजे काखेपाशचा घेर, मुद्दाम अरुंद कापला. कोट अंगावर झकास बसला, पण चित्रीकरणात सलामीसाठी उचललेला हात गालापाशीच अडकून थरथरत राहिला. आता साडूची हकालपट्टी होणार म्हणून मामा टांगलेल्या कपड्यांआडून पाहू लागले. दिग्दर्शक मात्र हसत सुटला. "व्वा! झेंडा कुणाचा ते कळेपर्यंत हातसुद्धा वर जात नाही!" साडूची दृश्ये दुप्पट झाली.

पहिल्या खेळाला त्या सलामीवर प्रेक्षकांनी थिएटर डोक्यावर घेतले. घरी मामांच्या कोटांना बटणे लावून देणारी पत्नी हसता हसता एकदम थांबली.

"अहो, मुंढा कमी घेतलात ना?"

"पुढे बघ," मामा पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले.

मध्यंतरात साडूभोवती गर्दी जमली. "सलामी सुचली कशी हो?"

"महिनाभर अभ्यास केला," साडू मिशीवर हात फिरवत म्हणाला.

मामा तावातावाने पुढे सरसावले. पत्नीने त्यांचा दंड धरला. "सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल हं. का कापलात, तेसुद्धा."

मामा थबकले. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. मग त्यांनी हात पुढे करून साडूची कॉलर सरळ केली.

"कोट मी शिवला," ते म्हणाले. पण गर्दी पुन्हा साडूकडे वळली होती; ते कुणी फारसे ऐकले नाही.