माझं संविधान चौदा

बारामतीत आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. मी इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याची, कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला. एक मैत्रीण माळेगावची, तिचे वडील साखर कारखान्यात फिटर. तिसरी सोमेश्वरनगरची.

त्या वर्षी मी तोंडी परीक्षेत नापास झाले. उत्तरं येत होती. पण पहिल्याच उत्तरात 'आहे'च्या जागी 'हाय' गेलं, मागं कुणीतरी हसलं आणि त्यानंतर माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. फेरपरीक्षा तीन आठवड्यांवर होती. तीही गेली असती तर माझं वर्ष गेलं असतं. घरातून एका वेळी एकीलाच शिकायला बाहेर ठेवता येत होतं, म्हणजे धाकटी बहीणही आणखी वर्षभर घरीच बसली असती. वडील, आमचे आबा, फोनवर एवढंच म्हणाले, "बघ बाई तुझ्या परीनं." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात माळेगावच्या मैत्रिणीनं चुलतभावाकडून एका इंग्रजी खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स आणली. या खेळाला पट नसतो. एकजणी गोष्ट चालवते, बाकीच्या एकेक माणूस कल्पतात आणि तो काय करतो ते बोलून सांगतात. जमलं की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. तसला फासा मिळेना, म्हणून आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डाळीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या.

प्रत्येक माणसाला सहा गुण. मैत्रिणीनं शब्दकोश उघडून वहीच्या पानावर ते मराठीत उतरवले: ताकद, चपळाई, संविधान, बुद्धी, समज, छाप.

"संविधान कसं काय?" मी विचारलं.

"शब्दकोशात 'कॉन्स्टिट्यूशन'ला तेच हाय. पुस्तकात लिहिलंय, ज्याच्या जोरावर माणूस विष पचवतो, उपाशी तग धरतो."

आम्हाला ते पटलं. ल्युडोचे फासे टाकून आकडे काढले. माझं संविधान चौदा, समज पंधरा, आणि छाप सहा. कौशल्यं या गुणांवर चालतात. भिंत चढायची तर चिठ्ठीवरच्या आकड्यात ताकदीप्रमाणे एक-दोनाची भर पडते, कुणाची मनधरणी करायची तर छापेप्रमाणे. छाप सहा असेल तर भर पडायच्या ऐवजी दोन वजा होतात. मला त्यात नवल वाटलं नाही. ते मला आधीच माहीत होतं.

पहिल्या रविवारी आमच्या माणसांनी विषारी विहिरीचं पाणी प्यायलं. दोघांपैकी माझाच वाचला. "संविधानानं वाचवलं!" सोमेश्वरची ओरडली. तिचा माणूस मात्र बेशुद्ध. पुढच्या रविवारी त्याला खांद्यावर घेऊन मी नदीवरच्या पुलाशी पोचले. पहारेकरी सोडेना.

"बोल त्याच्याशी," गोष्ट चालवणारी माळेगावची म्हणाली.

"माझी छाप सहा हाय. मी न्हाय बोलत."

"आकडा सहा हाय. तोंड शिवलंय का?"

"अगं, मी मरायला लागलीय हितं," बेशुद्ध पडलेली म्हणाली. "बोल की!"

मला आई आठवली. कालव्याच्या पाण्याची आमची पाळी चुकली की ती पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडे जाते, पण पाण्याचं नाव आधी काढत नाही; त्याचं दुखलं-खुपलं विचारते. मी विचारलं, "हा पहारेकरी उभा कसा हाय?"

मैत्रीण थबकली. "एका पायावर जोर देऊन."

"दादा," मी म्हणाले, "पाय सुजलाय व्हय? किती वेळ झाला उभं करून ठेवलंय तुमाला? बसा की जरा. मी बघते पुलाकडं."

मैत्रिणीनं झेरॉक्सची पानं उलटली. "ही मनधरणी खरी, पर छापेची न्हाय. तू त्याचा पाय बघितलास. हितं नियम हाय, काम करायची रीत बदलली तर तेच कौशल्य दुसऱ्या गुणावर चालतं. तुझी समज धर. अधिक दोन."

पार व्हायला एकूण पंधरा हवे होते. चिठ्ठी निघाली तेराची. तेरा नि दोन पंधरा. सोमेश्वरची बेशुद्धीतून उठून नाचली.

फेरपरीक्षेला बाहेरून आलेले सर इंग्रजीत विचारत होते. जमिनीची 'फील्ड कपॅसिटी' म्हणजे काय, असा प्रश्न आला आणि मला मागच्या वेळचं हसणं आठवलं. संविधान चौदा, मी मनात म्हटलं, आणि उभी राहिले. मग सरांकडे नीट पाहिलं. त्यांच्या बुटांना काळी माती लागलेली होती, ओली, ताजी.

"सर, मराठीत सांगू?"

"सांगा."

"आमी त्याला वाफसा म्हणतो. पाणी दिल्यावर जास्तीचं पाणी खाली निचरून जातं आणि मातीत ओल आणि हवा दोन्ही राहतात, तो वाफसा. मूठभर माती दाबली की गोळा होतो, खाली टाकला की फुटतो. फुटला न्हाय तर अजून पाणी जास्त हाय."

'न्हाय' गेलं, 'हाय' गेलं. कुणी हसलं नाही. सर पुढं झुकले. "आणि किती दिवसांनी येतो वाफसा?"

"जमीन बघून सांगावं लागंल, सर."

आता ते हसले. त्यानंतर वीस मिनिटं मी बोलत होते. शेवटी इंग्रजी शब्दही आपसूक आले.

पास झाले. कॉलेजच्या पायऱ्यांवरून आबांना फोन केला. फोन बाजूला धरून ते कुणाला तरी ओरडून म्हणाले, "थोरलीचं झालं! धाकटीची कागदं काढा!"

नंतर कधीतरी त्याच शब्दकोशात, तिसऱ्या अर्थाला, मैत्रिणीला 'प्रकृती' सापडलं. ओशाळून ती खोडरबर घेऊन आली. मी पानाला हात लावू दिला नाही. आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं हिंडले. त्यातली मी पहिली पदवीधर. मला तो शब्द चुकीचा वाटेना.

जूनमध्ये माझ्या जागी धाकटी त्या खोलीत राहायला आली. मैत्रिणीनं तिच्यासाठी नवं पान आखलं आणि या वेळी नीट 'प्रकृती' लिहिलं. धाकटीनं ते वाचलं, भिंतीवर लावलेलं माझं पान वाचलं.

"हे न्हाय चालायचं," ती म्हणाली. "मला ताईसारखं संविधान पायजे."