मोरपिशी फ्रिज

तो फ्रिज मी चौदा वर्षं वापरला. चौलच्या खाऱ्या हवेने त्याच्या दाराची खालची कड गंजली होती, पोपडे निघत होते. एकदा माझ्याच हातून नारळ निसटून दारावर आपटला, तिथे पोचा पडला होता. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आम्ही अलिबागहून दोन दारांचा मोठा फ्रिज आणला आणि जुना धाकट्या जावेला देऊन टाकला. दीर आणि ती वाडीच्या पलीकडच्या टोकाला राहतात. आपण फार मोठं मन दाखवलं असं मला वाटत होतं. मी शिकवते त्या शाळेत दोघीतिघींना सांगितलंही.

जावेने तो लगेच वापरायला घेतला नाही. आठवडाभर पडवीत ठेवून पॉलिश पेपरने घासला, प्रायमर लावला, दाराच्या रबराभोवती चिकटपट्टी मारून मोरपिशी ऑइल पेंटचे दोन हात दिले. पोचा होता तिथे तिने एक पांढरा बगळा काढला. पोच्याचं बगळ्याचं पोट झालं.

सासूबाई माझ्याकडे असतात. त्या बघून आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या फ्रिजचं सोनं केलं गं तिने." मी त्यांचं ताट वाढलं. गणपतीत पाहुणे आले, माझ्या हातचे मोदक खाल्ले आणि उठून तिच्याकडे गेले, फ्रिजसोबत फोटो काढायला. माझ्या नव्या फ्रिजबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. "तो आमचाच हो, जुना," असं मी ज्याला त्याला सांगत सुटले. सांगताना माझाच आवाज मला आवडत नव्हता, पण थांबवतही नव्हतं.

गणपती गेल्यावर एका दुपारी जाऊ बँकेच्या कामाला अलिबागला गेली. दूधवाला उशिरा येणार होता म्हणून चावी माझ्याकडे देऊन, दूध आत ठेवायला सांगून गेली. मी दूध ठेवलं, फ्रिजचं दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. बगळ्याच्या मानेपाशी रंगाचा एक ओघळ सुकून फुगला होता. मी त्याला नख लावलं. रुपयाएवढा पापुद्रा निघाला. मग मी दुसरा काढला, मग तिसरा. खाली माझ्या फ्रिजचा जुना पिवळट रंग दिसला. मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं, की तेव्हा बरंच वाटलं.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी उसनी घेतलेली डाळ परत द्यायला गेले तर ती फ्रिजपुढे बसून ती जागा घासत होती. जरा चिकटपट्टी धरता का, म्हणाली. मी धरली. तिच्या बोटांना रंग लागलेला होता आणि मला तिच्याकडे बघवेना.

"ते मी खरवडलं," मी म्हणाले.

"चावी तुमच्याकडेच होती, ताई."

पुढे ती मला बोलेल म्हणून मी वाट पाहिली. ती पट्टी कापत राहिली. मग मीच बोलत सुटले, की फ्रिज माझ्याकडे चौदा वर्षं होता, पण कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही, आणि तिच्याकडे आला तर सगळं गाव येतं.

"तुम्ही तरी कुठे बघितलंत?" ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधं विचारल्यासारखं.

मी पट्टीचं टोक दाबून धरलं. तिने बगळ्याची मान पुन्हा रंगवली. ती आधीपेक्षा जाड झाली, तरी लोकांना बगळा आवडतोच. पुढचा महिनाभर बाहेर जाताना तिने चावी माझ्याकडे दिली नाही, दूधवाल्याला दूध शेजारच्या घरी ठेवायला सांगितलं.

दिवाळीच्या आधी फराळ द्यायला आली तेव्हा तिने माझ्या स्वयंपाकघरातलं जुनं लोखंडी कपाट पाहिलं आणि रंगवून देऊ का म्हणून विचारलं. नको, मी लगेच म्हणाले. तिने दिलेला फराळाचा डबा हातात घेऊन मी उभी होते, आणि ती फाटकाबाहेर पडेपर्यंत तिला हाक मारावी की नाही हेच ठरवत राहिले.