अर्ध्या मैदानाचे कोच

मास्तरांच्या संघाने गेल्या वर्षभरात जेमतेम एक मॅच गमावली, हे मास्तर पाहुण्यांना हमखास सांगत. जिंकली एकही नाही, हे त्यांची बायको पाहुण्यांपुढे चहा ठेवता ठेवता सांगे. बाकी सगळ्या मॅच शून्य-शून्य. बघायला येणारे आईबाप आता सोबत विणकाम आणत.

यात नवल काही नव्हतं. मास्तरांचा धंदा ड्रायव्हिंग शिकवण्याचा. सगळं आयुष्य शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून काढलेलं, पायाशी एक जादा ब्रेक. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, ॲक्सिलरेटर दुसऱ्याच्या पायाखाली, आणि जीव मात्र स्वतःचा! असा माणूस पोरांना फुटबॉल शिकवायला लागला तर काय शिकवणार? थांबायला. कुणी चेंडू घेऊन पुढे निघालं की मास्तरांचा पाय आपोआप जमिनीत रुते आणि तोंडातून निघे, "सावकाश! आधी मागे बघ!" पोर मागे बघे, तोवर चेंडू गेलेला असे. "मी फुटबॉल नाही शिकवत," मास्तर स्वतःच म्हणत, "पार्किंग शिकवतो."

वस्तीत मुलांचे फुटबॉल क्लब दोन होते, निळा आणि हिरवा. निळा मास्तरांचा, हिरवा त्यांच्या साडूंचा. मास्तरांच्या मोठ्या मेहुणीचे हे यजमान चष्म्याचं दुकान चालवायचे. फार पूर्वी क्लब एकच होता. मग जर्सी कोणत्या रंगाची यावरून वडीलधारी मंडळी हातघाईवर आली आणि क्लब फुटला. वाटणी मात्र अगदी न्यायाने झाली. चेंडू अर्धे, शिट्ट्या अर्ध्या, आणि गोल दोन होते म्हणून एक यांना, एक त्यांना! तेव्हापासून दोन्ही क्लब आपापल्या मैदानावर एकाच गोलासमोर सराव करत आले होते. दुसरा गोल विकत घ्यायचं कुणाला सुचलं नाही असं नाही. पण घेतला तर वाटणीच्या दिवशी आपण मूर्ख होतो हे कबूल केल्यासारखं, म्हणून आधी त्यांनी घ्यावा, मग आपण बघू. शहाण्यांची वस्ती होती ती.

यंदा घोडं अडलं. लीगने सातऐवजी अकरा जणांचे संघ ठरवले. बारा वर्षांखालची पोरं निळ्यांकडे आठ आणि हिरव्यांकडे नऊ. साडूंनी दोन्ही क्लबच्या आईबापांना निरोप पाठवला, की क्लब एक करू या, शाळेच्या हॉलमध्ये बसून ठरवू.

निरोप ऐकताच मास्तरांनी हिशेब मांडला. संघ एक झाला की कोचही एकच लागणार, आणि तो कोण असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. साडूंच्या संघाने गोल केले होते. मास्तरांना दुसरं होतं काय? मुलगा नोकरीसाठी दूर गेलेला. शिकवलेली माणसं लायसन्स हातात पडलं की रस्त्यात हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत. आठवड्यात फक्त रविवारी सकाळी आठ पोरं त्यांची वाट बघत उभी असत. ती गेली तर रविवारी करायचं काय, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. अर्थात हे ते कुणाला सांगणार नव्हते. ते क्लबच्या इतिहासाबद्दल बोलणार होते.

बैठकीच्या दिवशी सकाळी ते आरशासमोर भाषण घोटत होते. गालाला साबण, हातात रेझर.

"अहो, ताईचा फोन आला होता," बायको दारात येऊन म्हणाली. "भाऊजींनी एक निरोप दिलाय तुमच्यासाठी."

"नंतर."

"ऐकून तर घ्या. बैठकीचंच आहे."

"मला फितवायचे धंदे आहेत ते! नंतर म्हटलं ना!"

"बरं. नंतर म्हणजे नंतरच हं," ती म्हणाली आणि आत निघून गेली. साडू-साडूंचं बोलणं नेहमी असंच दोन बहिणींमार्फत चाले. समोरासमोर ते एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत, आणि तीही थोडक्यात.

शाळेच्या हॉलमध्ये लहान मुलांच्या खुर्च्या होत्या. गुडघे हनुवटीला लावून बसलेल्या माणसांसमोर मास्तर उभे राहिले आणि सुटले. वाडवडिलांनी निळ्या रंगासाठी काय काय सोसलं ते त्यांनी सांगितलं, म्हणजे तिथल्या तिथे रचलं. "दोन क्लब एक केले तर एक मोठा क्लब होत नाही," ते गरजले, "एक ना धड भाराभर चिंध्या होतात!" त्यांचा आवाज कापरा झाला. स्वतःच्याच बोलण्याने त्यांचे डोळे भरून आले, आणि ते बघून मागच्या रांगेतल्या दोन आयांचेही. हात वर झाले. एकत्रीकरणाचा ठराव थोड्या मतांनी पडला. टाळ्या वाजल्या. जन्मात प्रथमच मास्तर काहीतरी जिंकले होते.

साडूंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि ते खुर्च्या उचलायला लागले.

घरी आल्यावर मास्तर हात चोळत म्हणाले, "हं, सांग आता. काय निरोप होता?"

"आता कशाला?" बायको म्हणाली. "भाऊजींचा गुडघा गेलाय. डॉक्टरांनी मैदानावर पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलंय. क्लब एक झाला की कोच तुम्हीच व्हावं, असं ते बैठकीत मांडणार होते. आधी तुम्हाला विचार म्हणाले, कारण त्यांच्या हातून तुम्ही सरळ काही घेत नाही."

मास्तर खाली बसले. "मग सकाळी सांगितलं का नाहीस?"

आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे लोक मास्तरांनी पाहिले होते. पण त्या धोंड्यावर उभं राहून भाषण करणारा आपल्याशिवाय दुसरा कुणी त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी जाऊन चूक झाली म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण पडले तरी नाक वर! "तत्त्वाचा प्रश्न होता," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले, न विचारणाऱ्यांनाही. तोवर हिरव्या क्लबने नवी कोच शोधली. दवाखान्यातली नर्स, पूर्वी फुटबॉल खेळलेली. तिला ड्रायव्हिंग मास्तरांनीच शिकवलं होतं. तिच्या वेळी त्यांच्या जादा ब्रेकचं रबर झिजून बदलावं लागलं होतं, इतकं त्यांना आठवत होतं.

लीग सुरू झाली. दोन्ही क्लब बाहेर. मास्तरांची आठ पोरं एका गोलासमोर दर रविवारी सराव करत राहिली, कशाचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका रविवारी त्यांची गोलकीपर हातमोजे काढत त्यांच्याजवळ आली. "मास्तर, आपली मॅच कधी?"

"या वर्षी नाही गं. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी बाराची होईन," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. "मग मला घेणार नाहीत ना?"

वाडवडील, निळा रंग, इतिहास, यातलं काहीच मास्तरांना तिला सांगण्यासारखं वाटेना. त्यांनी तिचे हातमोजे उगाचच हातात घेतले, झटकले आणि परत दिले.

तिथून ते घरी गेले नाहीत, बायकोलाही मध्ये घातलं नाही. थेट साडूंच्या दुकानात शिरले. गिऱ्हाईक नव्हतं. बसायला रिकामी अशी एकच खुर्ची होती, डोळे तपासायची. मास्तर तिच्यात बसले.

"काय साडूबुवा, दिसत नाही का काही?" साडूंनी विचारलं.

"आता दिसायला लागलंय," मास्तर म्हणाले. "तुमचा गुडघा कसा आहे?"

"बरा आहे. तुमची तब्येत?"

"बरी आहे." नेहमीचं बोलणं इथे संपत असे. मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "क्लब एक करू या. त्या दिवशी मी जे बोललो ना, ते सगळं माझ्या रविवारसाठी होतं. निळ्या रंगाशी माझं काय देणंघेणं? मला तर तो शोभतसुद्धा नाही."

साडू हसले नाहीत. "लीगवाले मध्येच सामील करून घेतील, मी विचारलंय. पण आता कोच ती आहे. तिला जा म्हणता येणार नाही मला."

"जा म्हणू नका."

"आणि तुम्ही?"

"मी पोरांना गाडीतून आणून सोडीन. आणि तो आमचा गोलही आणतो."

"तो आणाच," साडू म्हणाले. "एवढी वर्षं लाज वाटते हो."

पुढची बैठक चुटकीसरशी झाली, कारण या खेपेस मास्तर बोलले नाहीत.

पहिल्या मॅचला ते रेषेबाहेर, आईबापांच्या घोळक्यात उभे होते. शेजारी साडू, काठी टेकून. नर्सबाई रेषेवरून ओरडत होत्या, "पुढे जा! बघत काय बसलाय, पुढे जा!" आणि मास्तरांची पोरं, जी आजवर मैदानात उभ्या केलेल्या गाड्यांसारखी खेळली होती, ती चक्क पुढे जात होती. संघ सामना चार-तीन असा हरला. तीन गोल! मास्तरांनी एवढे गोल आपल्या पोरांकडून तीन वर्षांत पाहिले नव्हते. विणकाम कुणीच आणलं नव्हतं.

शिट्टी वाजली आणि गोलकीपर मैदान ओलांडून धावत सुटली, चेहरा मातीने माखलेला, चार गोल खाऊनही हसणारी. मास्तरांनी दोन्ही हात पसरले. ती त्यांच्या शेजारून सरळ पुढे गेली आणि नर्सबाईंच्या गळ्यात पडली.

लागलं. खोटं कशाला बोला, चांगलंच लागलं. पसरलेल्या हातांचं काय करावं हेही त्यांना कळेना. त्यांनी बाजूला पाहिलं तर साडूही काठी काखेत धरून तसेच हात पसरून उभे. त्यांच्या जुन्या पोरांचा घोळकाही त्यांना वळसा घालून गेला होता.

मग साडूंनी हात खाली घेतले.

"चला," ते म्हणाले, "गोलाची जाळी सोडू या. ती काही पळून जात नाही."

मास्तर एका खांबाकडे गेले, साडू लंगडत दुसऱ्या.