आठ वर्षं तपासणी फक्त तिची

"हिच्या हातची ओटी नको," मालकीणबाई म्हणाल्या आणि माझ्या बायकोच्या हातातलं ताट बाजूला सारलं.

त्यांच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. बीबी गावाजवळच्या एका खेड्यातले हे मालक. चाळीस गाईंचा गोठा. आम्हाला आवतण, कारण त्या गाई मी भरवतो, म्हणजे कृत्रिम रेतनानं गाभण करतो. गाय माजावर आली की वळूच्या रेताची कांडी नायट्रोजनच्या डब्यातून काढायची, कोमट पाण्यात धरायची, खांद्यापर्यंत मोजा चढवायचा. हे माझं पोटापाण्याचं काम.

ओसरीवरून मालक ओरडले, "काऊन बे, आमच्या चाळीस गाई गाभण केल्या, अन् तुह्या घरचं काऊन जमत नाही? भाकड हाये तं दुसरी कर!"

माणसं हसली. मीही हसलो. सगळ्यांच्या आधी. गिऱ्हाईक मोठं होतं ना!

परतताना वाटेत सुलतानपूर आलं. गाडीवर मागून ती म्हणाली, "ते हसले त्याचं काही नाही. तुम्ही काऊन हसले?"

माझी शहाणपट्टी ऐका. गाय दोनदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही, की मी ऐटीत सांगतो, "गाईले दोष देऊ नका, आधी कांडी पाहू." आणि घरात? लग्नाला आठ वर्षं, मूल नाही. गोळ्या तिला, सुया तिला, पोटातल्या नळ्यांचा फोटो तिचा. मी दवाखान्यासमोर रसवंतीवर. माझं काय तपासायचं? माझं तर सगळं चालू होतं!

त्या आठवड्यात बुलढाण्याला गेलो. या खेपेला आत मी. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्रच काढलं. वृषण अंगाबाहेर असतात, कारण शुक्राणूंना जरा गारवा लागतो. ते तयार व्हायला दोन-अडीच महिने जातात. मग बारीक नळीतून पुढे, वाटेत ग्रंथींचा द्रव मिसळतो. बाहेर येतं त्यात बहुतेक तो द्रवच. "म्हणजे वीर्य येतं, पण त्यात शुक्राणू नसू शकतात," त्या म्हणाल्या. "मर्दपणाचा संबंध नाही."

हजारो कांड्या हाताळलेल्या माणसाला हे दुसऱ्यानं सांगावं लागलं. दोनदा तपासलं. दोन्हीदा तेच: शुक्राणू आढळले नाहीत. नळी कुठं बंद आहे की मुळात तयारच होत नाहीत, ते अजून कळायचंय.

गाय माजावर आली म्हणून मालकांचा फोन आला. गेलो. ओसरीवर चार माणसं होती. उभ्यानंच सांगितलं, "मालक, दोष माह्यात हाये. माह्या बायकोत नाही."

"हळू बोल बे!" मालकच गोरेमोरे झाले. "असं कोणी सांगते काय? बायकोवर ढकल अन् मोकळा हो. जा, गाय पाह्य."

"आधी मालकीणबाईंनी माह्या घरी यावं. तिच्या हातची ओटी घ्यावी. मंग गाय."

"माजलास काय बे?"

डबा गाडीला बांधला. निघालो. चाळीस गाईंचं गिऱ्हाईक गेलं.

मूल होईल, न होईल. पण तिच्याकडे बोट दाखवणाऱ्याला यापुढे उत्तर मी देणार. रिपोर्ट खिशात आहे. सुरुवात माझ्या मायपासून. आठ वर्षं तीही हेच बोलत आलीय. आज तिच्यासमोर बसतो.