विनीबाईंचा दीड मैल

माझ्या गाडीत आजवर हजारभर माणसं ड्रायव्हिंग शिकली असतील, पण माझे केस पांढरे केले ते विनिफ्रेड ऍस्पिनॉल या एकट्या बाईने. सॉल्टरबीत, आमच्या या इंग्रजी गावात, त्यांना सगळे विनी म्हणतात. मी विनीबाई म्हणतो, आणि चिडलो की नुसतं ‘बाई’. म्हणजे बहुतेक वेळा ‘बाई’च.

माझ्याकडे आल्या तेव्हा त्या पंचावन्न वर्षांच्या होत्या. तोवरचं सगळं आयुष्य कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवरच्या पाट्या बनवणाऱ्या कारखान्यात गेलेलं. ऍल्युमिनियमचा पत्रा, त्यावर चकाकणारा कागद, आणि तो हाताने कापून एकेक अक्षर चिकटवायचं. कारखान्यात संगणक आला, माणसं घरी गेली, आणि त्याच आठवड्यात ही बाई माझ्या दारात उभी. म्हणाल्या, “श्री, मला गाडी शिकव. घाई आहे.”

त्या घाईला अकरा वर्षं लागली, आणि सहा वेळा नापास.

कारण साधं होतं. बाई रस्ता बघायच्याच नाहीत, पाट्या बघायच्या. “हे बघ, हे बघ! ‘वाय’ किती लांब गेलाय ‘ए’पासून! कुणी लावला हा?” तिसऱ्या परीक्षेत तर त्यांनी भर रस्त्यात ब्रेक मारला आणि शेजारी बसलेल्या परीक्षकाला विचारलं, “तुम्हीच सांगा, हा बाण वाकडा नाही?” परीक्षकाने बाण पाहिला नाही, कागदावर काट मात्र मारली.

धडा चालू असताना त्यांची शिकवणी मलाच. मोटरवेवर, म्हणजे फक्त वेगवान गाड्यांसाठीच्या महामार्गावर, रस्त्यांच्या नंबरांसाठी वेगळी अक्षरं असतात, आणि त्यात अख्खी बाराखडी नाहीच. आकडे, ए, बी, एम, चार दिशांची अक्षरं आणि कंस. “बाकीची कधी लागलीच नाहीत, म्हणून कुणी काढलीच नाहीत!” हे सांगताना त्यांचे गाल लाल व्हायचे. रस्त्यांना नंबर देण्यासाठी देशाच्या फोडी केलेल्या आहेत, ज्या फोडीत रस्ता त्या आकड्याने त्याचा नंबर सुरू, आपण पाचात राहतो, टेकडीपलीकडचा मोठा रस्ता ओलांडला की सहा सुरू, हे तर मला पाठ झालं. पाचाच्या फोडीत एखादा सहाचा रस्ता घुसलेला दिसला की त्या काच खाली करून विचारायच्या, “तुला रे इथं कुणी बोलावलं?” रस्त्याला! आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवतायत.

पण या सगळ्यामागे एक हट्ट होता, आणि तो मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. सॉल्टरबीच्या बंदराकडे जाणारा दीड मैलाचा एक मोटरवे आहे. त्याला सरळ ‘एम’ नंबरसुद्धा नाही. ‘ए’, पुढे चार आकडे, आणि मग कंसात ‘एम’. त्या कंसामुळे तो मोटरवे. त्याच्या डोक्यावर रस्ताभर पसरलेली एक प्रचंड निळी पाटी आहे, डावीकडे बंदर आणि उजवीकडे सॉल्टरबी. ती बाविसाव्या वर्षी विनीबाईंनी केलेली. त्यांची पहिली मोठी पाटी. दोनदा धुतली गेली, एकदा कोपऱ्याला ठिगळ लागलं, पण चव्वेचाळीस वर्षं तिथेच.

“दुसऱ्यांच्या गाडीतून शंभरदा गेले तिच्याखालून,” त्या म्हणायच्या, “पण ते म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातलं बघत बसणं. मला स्वतः चालवत जायचंय.”

आता शिकाऊ माणसाला मोटरवेवर जायला बंदी होती. गेल्या वर्षी, दोन हजार अठराला, नियम बदलला. शिकवणारा परवानाधारक हवा आणि त्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक हवा. माझ्याकडे दोन्ही होतं. तरी मी नेलं नाही. खरं सांगतो, मला भीती वाटायची. सत्तरच्या वेगात ही बाई आपली पाटी बघून ब्रेक मारेल आणि मागचा कंटेनर आम्हा दोघांना पत्र्यासारखं चपटं करेल. “परीक्षा पास व्हा, मग हवं तितक्या वेळा जा,” एवढंच म्हणायचो.

मग सप्टेंबरातल्या एका सोमवारी त्या वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आल्या. नव्या वसाहतीसाठी मधूनच फाटा काढायचा होता, म्हणून गुरुवारी दुपारी बारा वाजता तो रस्ता मोटरवे राहणार नव्हता. रस्ता तोच, डांबर तेच, फक्त कंस जाणार. निळ्या पाट्या फक्त मोटरवेला, म्हणजे कंस गेला की त्याही गेल्या. मोठी पाटी बाराच्या ठोक्याला झाकली जाणार आणि त्याच दुपारी खाली उतरणार होती.

“श्री, आता नाही म्हणू नकोस.”

मी नाही म्हणणार होतो. पण त्यांचा चेहरा बघितला आणि गुरुवारचे सकाळचे दोन्ही धडे रद्द केले.

साडेअकराला आम्ही त्या मोटरवेच्या तोंडाशी असलेल्या गोल चौकात पोचलो, आणि समोर जत्रा!

मोटरवे जिथे सुरू होतो तिथे एक जुनी यादी लावलेली आहे, कुणाकुणाला आत मज्जाव आहे त्याची. ती यादी त्या दिवशी जिवंत होऊन कडेला रांगेत उभी होती. सगळ्यात पुढे ट्रॅक्टर. मागे दोन मोपेडवाले, सायकलींचा एक घोळका, घोड्यावर बसलेली एक डॉक्टरीणबाई, काठ्या घेऊन चालणाऱ्या बायकांचा अख्खा क्लब, आणि सगळ्यात शेवटी बॅटरीच्या खुर्चीत एक आजोबा. चव्वेचाळीस वर्षं ज्यांना येऊ दिलं नव्हतं, ते सगळे बारा वाजायची वाट बघत होते. थर्मास उघडलेले, सँडविचं वाटली जातायत. बाजूची लेन मोकळी होती, गाड्या बिनघोर आत जात होत्या.

ट्रॅक्टरवाला वॉल्टर थ्रेलफॉल खाली उतरून रांगेचा मुकादम बनला होता. आमच्या गाडीवरचा लाल ‘एल’ त्याला दिसला आणि त्याने हात वर केला. “शिकाऊ? शिकाऊ मागे! खुर्चीवाल्या आजोबांच्या पाठी!”

आणि विनीबाईंनी काय करावं? सिग्नल दिला, आरसा बघितला, अकरा वर्षांत पहिल्यांदा सगळं अगदी बरोबर केलं, आणि जाऊन रांगेच्या शेवटी गाडी लावली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो बाई! ही आपली रांग नाही! ही बारानंतरची माणसं आहेत! आपल्याला बाराच्या आत जायचंय!”

“माहीत आहे रे मला.”

“मग काढा ना गाडी! लेन मोकळी आहे!”

“श्री, लोक बघतायत. रांग मोडून कशी जाऊ?”

तीस वर्षं झाली मला या देशात, रांग म्हणजे काय ते मलाही कळतं. पण इतकं? अकरा वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली होती. बाई स्टीअरिंग घट्ट धरून समोरच्या बॅटरीच्या खुर्चीकडे बघत होत्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि गाडी एक इंच पुढे घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

“तुमची पाटी आज उतरणार, बाई.”

“ते पण माहीत आहे.”

मी दार उघडलं आणि त्यांनाही बाहेर काढलं. हाताला धरून पुढे नेलं, अगदी ट्रॅक्टरपाशी. रांगेतून कुजबुज सुरू झाली. काठीवाल्या क्लबातली एक म्हणालीच, “काही काही लोकांना ना, धीरच नसतो बाई.”

“मिस्टर थ्रेलफॉल,” मी म्हणालो, “ह्यांना बाराच्या आत जायचंय. नियमाने जाता येतं.”

“कुठला नियम?” त्याने अंगठ्याने मागच्या यादीकडे दाखवलं. “वाच की. पहिलंच नाव शिकाऊंचं आहे. माझं शेवटचं.”

“नियम बदललाय गेल्या वर्षी,” विनीबाई पहिल्यांदाच बोलल्या. आवाज बारीक निघाला. “यादी बदललेली नाही. मला ठाऊक आहे, कारण ती यादी मीच केलीय.”

“काय केलीय?”

“अक्षरं कापून लावलीत. पुढच्या मोठ्या पाटीचीपण. ती बारानंतर काढणार आहेत, म्हणून...”

वॉल्टरने टोपी मागे सारली. “थांब थांब. ‘शेतीची वाहने’ हे तू लिहिलंस?”

“हो.”

“माझं निम्मं रान या रस्त्यापलीकडे आहे! चव्वेचाळीस वर्षं मला सात मैलांचा वळसा पडला! रोज जाता-येता त्या तीन शब्दांना मी कायकाय बोललोय, सांगू?”

“दोनच शब्द आहेत,” विनीबाई म्हणाल्या. मी कपाळावर हात मारला. बाई, आत्ता हे? पण त्या थांबेनात. “आणि सॉरी. मला पाठवलेल्या कागदावर होतं ते. मी फक्त अक्षरं सरळ लावली.”

वॉल्टर एवढ्या जोरात हसला की घोडं बिचकलं. “सरळ तर आहेत ग, ते मात्र कबूल! शिव्या देताना एकदाही अडखळलो नाही!” तो वळला आणि रांगेवर ओरडला, “ऐका रे! ही बाई आपल्या रांगेतली नाही! हिची रांग बाराच्या अलीकडची, आणि त्या रांगेत ही एकटीच आहे! कुणाची काही हरकत?”

कुणाचीच नव्हती. धीर नसतो म्हणणाऱ्या बाईने तर स्वतःची सहा माणसं मागे ढकलून आमच्या गाडीला वाट करून दिली. खुर्चीवाले आजोबा टाळ्या वाजवायला लागले, आणि मग सगळेच. वॉल्टर काचेत वाकून म्हणाला, “अकरा पन्नास झालेत. बाराच्या ठोक्याला मी सुटणार, आणि माझ्या पुढे रेंगाळलीस तर भोंगा वाजवीन. पळ!”

विनीबाई पळाल्या! चढावर वेग घेतला, पन्नास, साठ. आरसा, सिग्नल, खांद्यावरून नजर, आणि एका दुधाच्या टँकरच्या पुढे अशा अलगद आत शिरल्या की माझं तोंड उघडायचं राहून गेलं. माझा पाय ब्रेकवर तयार. पासष्ट. वळण सरलं आणि समोर ती! केवढी मोठी! निळीशार, ऊन पडून पांढरी अक्षरं लखलखत होती. आता बाई ओरडणार, आता ब्रेक मारणार, म्हणून मी पाय खाली नेला. पण गाडी अडखळली नाही, डगमगली नाही. सिग्नल वाजला, गाडी उजव्या लेनमध्ये गेली, आणि पाटी माझ्या डोक्यावरून मागे पडली. मान वर करून बघत होतो तो मीच.

संपलं. पुढच्या चौकातून बाहेर पडून सॉल्टरबीच्या पहिल्या गल्लीत त्यांनी गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. अकरा पंचावन्न झाले होते.

“काय दिसली हो! कशी वाटली?” मी म्हणालो.

“काय?”

“पाटी, बाई! तुमची पाटी!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडावर हात गेला. “अरे देवा. श्री, मी बघितलीच नाही. तो टँकर मागे होता, आणि पुढे ती लाल गाडी...”

मी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं उरली होती. तिकडच्या चौकापर्यंत परत जाऊन पुन्हा इकडे यायचं म्हणजे बारा वाजून जाणार, आणि तोवर वॉल्टर ट्रॅक्टर घेऊन मध्ये असणार. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षं ही बाई त्या एका पाटीसाठी माझ्याशेजारी बसली, आणि पाटी आली तेव्हा हिने मान वर केली नाही!

विनीबाई मात्र रडत नव्हत्या. स्टीअरिंगवर बोटं वाजवत काहीतरी आठवत होत्या.

“सॉल्टरबीसाठी उजव्या लेनमध्ये जा, असं तू सांगितलंस मला?”

“नाही. मी कुठला सांगतोय, मी वर बघत होतो.”

“सांगितलं नाहीस ना? नक्की?”

“शप्पथ नाही सांगितलं.”

“मग मला कळलं कसं?” त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी माझा दंड एवढा जोरात दाबला की दोन दिवस दुखत होता. “श्री, मी वाचली रे ती! न बघता वाचली! इतकी चांगली केली होती मी!”